ज्याचं वावर, त्याचं नाव

पुण्याच्या सरांनी पडद्यावर गोल काढून दाखवला. त्यात कुलदीपचा हिरवा तुकडा एवढा मोठा का डोळ्यात मावत नव्हता. प्राजक्ताचा निळा तुकडा बरा होता. अन् माझा? भाकरीच्या काठाले पीठ चिकटून राहते न, तेवढा. खाली लिहून होतं, नाजिया इनायतुल्ला, तीन टक्के.

बाप्पा! दोन वर्षं मी काय माशा मारत होती का?

अगोदर आमचं काम सांगते, नाई तर तुमाले वाटन का ही पोट्टी उगाच तोंड वाजवून राहिली. गुलाबी बोंडअळीनं आमच्या इकडचा कापूस बसवला, त्या साली आमी तिघं अमरावतीले कॉलेजात शेवटच्या वर्षाले होतो. मी अंजनगाव सुर्जीची. अब्बांचं तिथं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. कुलदीप तेल्हाऱ्याचा, घरी शेती. प्राजक्ता अमरावतीचीच. कापसात कामगंध सापळा लावला का अळीचे पतंग त्यात येऊन पडतात. पतंग वाढले का समजायचं, अळी येऊन राहिली. पण या वावरातल्या सापळ्यात काय पडलं हे पलीकडच्या गावाले कसं समजन? म्हणून आमी एक सॉफ्टवेअर लिहिलं. शेतकऱ्यानं मिस कॉल द्यायचा. मशीन उलटा फोन करते अन् विचारते, "काका, सापळ्यात पतंग किती?" काकानं मोबाइलवर आकडा दाबायचा. आकडे वाढत गेले का त्या साऱ्या पट्ट्यात मशीन फोन लावते, सावध व्हा म्हणून. ना स्मार्टफोन लागते, ना इंटरनेट. रात्री वावर राखायले जातात त्याले आमच्याकडे जागल म्हणतात, तेच नाव आमी त्याले ठेवलं. अन् कोड सगळा खुला. कोणीही पाहावा, कोणीही न्यावा, कोणीही सुधारावा.

कॉलेज सुटलं अन् तिघं तीन गावात झालो. काम रेंगाळलं. तवा कुलदीपचे वडील, खुशालराव काका, आमच्यावर खेकसले, "असे अलग अलग काय कुंथत बसता रे? सावड करा न!"

सावड म्हणजे आज सगळ्यायनं मिळून तुझं वावर निंदायचं, तण उपटायचं, उद्या सगळ्यायनं मिळून माझं. मजुरी नाई, मोजमाप नाई. ज्याचं वावर त्यानं जेवू घालायचं, अन् पीक त्याचं.

आमाले पटलं. कोडचे आमी तीन वावरं पाडले. फोन लावायचा अन् उत्तर घ्यायचा भाग कुलदीपचा, तो सगळ्यात मोठा. गावांचा नकाशा प्राजक्ताचा. अन् कोणत्या आकड्याले कोणत्या गावात घंटा वाजवायची, म्हणजे सावध करायचा फोन लावायचा, तो नियम माझा. नियम लिहायले एवढासाच, पण तो हुकला तर एक तर फुकटचा घोर नाई तर उशीर. दर रविवारी ज्याची पाळी त्याच्या घरी जमायचं (मोठ्या वावराले पाळ्या जास्त, माझी पाळी कवा तरीच), त्याच्याच लॅपटॉपवर तिघांनी बसायचं, अन् संध्याकाळी सगळं काम त्याच्याच नावानं जमा करायचं. कोडमधला बदल कोणाच्या तरी नावानं जमा करावा लागते, त्याले कमिट म्हणतात. आता तुमीच सांगा, दुसऱ्याचं वावर निंदून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपलं नाव कोन लिहून येते? शोभते का ते?

कुलदीपच्या वावरात सगळ्यात जास्त मी राबली. एकच सांगते. सुरुवातीले आमची मशीन प्रश्न विचारे अन् उत्तर नाई आलं का फोन कापे. लोक चिडले. मी तेल्हाऱ्याले दुर्गाबाई काकूंजवळ, म्हणजे कुलदीपच्या आईजवळ, बसून पाहिलं. फोन आला का काकू पहिले म्हणत, "थांब वं बाई, चष्मा आणते." चष्मा सापडेपर्यंत मशीन गायब! मंग मी ती मशीन थांबायले शिकवली. आवाज येऊन राहिला, माणूस घरातच आहे, तर थांबायचं; मधात मधात म्हणायचं, "सावकाश दाबा, मी आहे." ते बोलणंही माझ्याच आवाजातलं. ते काम करता करता मी काकूच्या हातच्या इतक्या भाकरी खाल्ल्या का त्या मले सुनेसारखं रागावू लागल्या. अन् कमिट कोणाच्या नावानं? कुलदीपच्या. वावर त्याचं न.

तर आता सर. पुण्याच्या एका संस्थेचे. भला माणूस, खोटं काहून बोलू. ते म्हणाले, "तुमचं काम आम्ही तीन जिल्ह्यांत नेतो. सर्व्हर आमचा, फोनच्या लायनी आमच्या. फक्त कोडच्या चाव्या दोघांकडेच राहतील." चावी म्हणजे कुलूप-किल्लीची नाई, कोणता बदल घ्यायचा अन् कोणता परत पाठवायचा हे ज्याच्या हातात, त्याच्याजवळ चावी. "ज्यांचं योगदान सर्वांत जास्त त्या दोघांना. आणि ते मोजायचं टूल तुम्हीच निवडा, म्हणजे कुणाची तक्रार नको."

मले चावी कायले पाहिजे होती, तेही सांगते. संस्थेचं एक म्हणणं होतं का घंटा वाजवायच्या अगोदर पुण्याच्या तज्ज्ञांची मंजुरी घ्यावी, दोनेक दिवस लागतीन. दोन दिवस! दोन दिवसात अळी बोंडात शिरून आतून दार लावून घेते. मंग फवारा का पूजा करा, तिले काय फरक पडते? नियम माझा होता. चावी नसली तर उद्या कोणीही त्यात मंजुरी घुसवन अन् मी तोंड पाहत बसन.

तर मे महिन्यात राजकमल चौकाजवळच्या एका हॉलमध्ये आमी टूल निवडायले बसलो. कुलर नुसता आवाज करून राहिला होता. पहिल्या टूलनं कमिट मोजले, त्यात मी तीन टक्के. दुसऱ्यानं ओळी मोजल्या, अन् त्यात तर मी घाट्यातच निघाली! मी लिहिण्यापेक्षा खोडलंच जास्त होतं, कारण तिघांनी मिळून घातलेला पसारा आवरायचं काम माझं, अन् ते माझ्याच पाळीले व्हायचं. तिसरं टूल जरा शहाणं होतं म्हणे, ते चर्चा मोजे, कोनं कोणाले काय सुचवलं, कोनं चूक दाखवली. आमची सगळी चर्चा जेवताना व्हायची. ठेच्याचा घास तोंडात असताना मी कुलदीपले जे काही ऐकवलं, ते कोणत्या टूलात सापडन? तिथं माझं नावच नव्हतं.

"टूल कुठलंही घेतलं तरी पहिले दोघे तेच येतात," सर म्हणाले. "म्हणजे निकाल स्पष्ट आहे."

"सर, हे खोटं आहे," मी म्हतलं.

"नाजिया, आकडे खोटं बोलत नाहीत."

मी कुलदीपकडे पाहिलं. मले वाटलं आता हा बोलन. चष्म्याचं त्याले माहीत, पसाऱ्याचं त्याले माहीत. एकच वाक्य बोलायचं होतं. कुलदीपनं बाटलीचं झाकण उघडलं, पाणी पिलं, झाकण लावलं, अन् टेबलाकडे पाहत म्हतलं, "आकडे तर आकडेच आहेत न."

टूलचं मले काहीच वाटलं नव्हतं, ते बिचारं आंधळं. याले तर डोळे होते.

बसस्टँडवर त्याले गाठलं. "काहून नाई बोलला?"

"नाजिया, गरम नको होऊ."

"मी गरमच आहे. सांग, काहून नाई बोलला?"

त्यानं आजूबाजूले पाहिलं. "पहिल्यांदा माझ्या नावापुढे काही मोठं दिसून राहिलं. बाबा साऱ्या तेल्हाऱ्यात सांगत फिरून राहिले का पुण्याचे लोक आपल्या पोट्ट्याले मानतात. आता मी कसं म्हणू का ते माझं नाई?"

"सारं नको म्हणू. अर्धं तर म्हण."

त्यानं तेल्हाऱ्याच्या बसकडे मान वळवली. अंजनगावची बस लागली होती. मी पायरीवर पाय ठेवून म्हतलं, "ठीक. मंग तुझं वावर आता तूच निंद."

आमच्याकडे सावड मोडायची रीत अशीच आहे. भांडण नाई, पंचायत नाई. ज्यानं सावडीले दगा दिला त्याच्या वावरात कोणी पाय ठेवत नाई, बस्स. प्राजक्ताले चावी मिळूनच राहिली होती, ती गुपचूप बसली असती तर मी तिले नाव ठेवलं नसतं. पण पुढच्या रविवारी ती सकाळच्याच बसनं अंजनगावले हजर. म्हणाली, "माझ्या निळ्या तुकड्यात अर्धी तूच आहे. उगाच मले चोर नको बनवू." मंग आमी दोघी अब्बांच्या दुकानात, पंपांच्या नळ्या बाजूले सारून, माझ्या नियमावर बसलो. तेल्हाऱ्याले कोणी गेलं नाई.

अब्बांनी दोन-तीन रविवार पाहिलं. मंग वायसर बसवता बसवता म्हणाले, "बेटा, मी इतके पंप जिते करून देतो. त्याच्यावर नाव कंपनीचंच राहते. कोणी म्हणते का, हा इनायतुल्लाचा पंप?"

"मंग तुमाले राग नाई येत?"

"येते न! म्हणून तर दुकानाच्या बोर्डावर माझं नाव हातभर मोठं लिहून घेतलं." अन् स्वतःच हसले. मी नाई हसली. पण मनातल्या मनात म्हतलं, बाप कोणाचा आहे शेवटी.

पेरण्या आटोपल्यावर सरांनी परत बोलावलं. तोच हॉल, तोच कुलर. चाव्या द्यायचा दिवस. कुलदीप कोपऱ्यात बसला होता, दाढी वाढलेली. सरांनी पहिलं टूल उघडलं, या वेळी आठवड्या-आठवड्याची रेघ दाखवणारं. कुलदीपची हिरवी रेघ दोन वर्षं डोंगर चढत आलेली. अन् मे महिन्यापासून? धाडकन खाली. जमिनीले टेकून सरळ, मेल्यासारखी.

"कुलदीप, हे काय झालं? आजारी होतास का?"

"नाई सर."

"मग काम का थांबलं?"

"थांबलं नाई सर. रोज बसत होतो." तो उठला, पडद्याजवळ गेला अन् त्या सपाट रेघेवर त्यानं बोट ठेवलं. "हे माझं एकट्याचं. एवढंच." मंग मागच्या डोंगरावरून त्यानं सारा हात फिरवला. "हे सगळं सावडीचं. यात नाजिया सगळ्यात जास्त आहे. मे महिन्यातच सांगायले पाहिजे होतं, माझी जीभ नाई उचलली."

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं, अन् मले त्या पाण्याचाच राग आला.

मंग त्यानं सरांले सावड समजावून सांगितली. पाळी काय, जेवण काय, अन् नाव कोणाचं. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मानही हलवली. पण शेवटी म्हणाले, "भावना समजल्या. पण सिस्टमला पुरावा लागतो. उद्या मला वर विचारतील, ही चावी कुठल्या आकड्यावर दिली? दोनच चाव्या, आणि आकड्यांप्रमाणेच."

"मंग माझी नाजियाले द्या," कुलदीप म्हणाला.

सर जरा हसले. "हे चालेल. तू स्वतःहून सोडतोस, तर प्रश्न मिटला. नाजिया, घे."

सगळ्यायले वाटलं झालं गोड. प्राजक्तानं तर माझा हात दाबला. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठली.

"नको."

"म्हणजे?"

"खैरातीतली चावी मले नको, सर. आज यानं दिली म्हणून माझी, उद्या यानं मागितली तर? मी काम केलं आहे. माझ्या कामाची चावी मले पाहिजे, याच्या मेहेरबानीची नाई. अन् याचीही काढून नका घेऊ. त्यानंही घाम गाळला आहे, फक्त तोंड मिटून घेतलं होतं. तीन माणसं, तीन चाव्या."

"तीन देता येत नाहीत."

"तर एकही नको."

"नाजिया, नीट विचार कर. तीन जिल्हे आहेत. सर्व्हर, लायनी, सगळं हातचं जाईल."

मले माहीत नव्हतं का? मी रोज झोपताना तेच तीन जिल्हे मोजत होती. पण पाय मागं जाईनात. "जाऊ द्या," मी म्हतलं. "तुमचा सर्व्हर तुमाले मुबारक."

सरांचाही चेहरा उतरला. "कोड खुला आहे, हे लक्षात असू दे. आम्ही तो नेऊ शकतो. आणि मंजुरीची पायरीही घालू शकतो."

"न्या न! खुला आहे म्हणून तर लिहिला. हातानं वाढून देते. पण सर, वावर न्याल, सावड कशी न्याल?"

सरांनी वायरी गुंडाळल्या, लॅपटॉप पिशवीत घातला. जाताना "शुभेच्छा" म्हणाले, अन् मनापासून म्हणाले असतीन. ते गेले अन् मी पायरीवर बसून ढसाढसा रडली. खोटं काहून बोलू? तीन जिल्हे गेले होते. माझ्या एका 'नको'नं गेले होते. प्राजक्ता बाजूले बसली होती. कुलदीप दूर उभा होता, जवळ यायची त्याची हिंमत नव्हती. पण कोणी मले विचारलं असतं, परत तेच म्हणशीन का? तर हाव, म्हतलं असतं.

रविवारी मी दुकान उघडायले गेली तर शटरपुढे कुलदीप बसलेला. तेल्हाऱ्याहून अंजनगाव, म्हणजे पहाटेच निघाला असन. हातात फडक्यात बांधलेल्या काकूंच्या भाकरी.

"जेवण वावरवाल्यानं घालायचं असते," मी म्हतलं. "तुले रीत माहीत नाई का?"

"माहीत आहे. पण ज्यानं दगा दिला त्याले फुकट जेवायचा हक नाई, हेही माहीत आहे."

मी शटर वर केलं. अब्बांनी जुन्या टेबलावरचे पंप उचलून खाली ठेवले. प्राजक्ता आली. आता सगळं या टेबलावरच उभं करायचं होतं. एक जुना कॉम्प्युटर, दोन सिम, अन् अब्बांच्या दुकानाची लाइट, जी गेली का गेली. तीन जिल्हे कुठले, अंजनगाव अन् तेल्हारा हे दोन तालुके जरी नीट सांभाळले तरी पुष्कळ. कुलदीप दिवसभर माझ्याच नियमावर राबला. एका गावातले पतंग वाढले का धुऱ्याले लागून असलेल्या गावात किती लवकर घंटा द्यायची, तो गुंता त्यानं एकट्यानं सोडवला. मी अन् प्राजक्तानं फक्त चुका काढल्या. चांगलं केलं होतं लेकानं. मी तसं म्हतलं नाई, पण त्याच्या ताटात कांदा जास्तीचा वाढला.

संध्याकाळी काम जमा करायची वेळ आली. त्यानं नाव टाकलं अन् लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पडद्यावर लिहून होतं, नाजिया. बस्स, तेवढंच.

"तुझं नाव कुठं आहे?" मी विचारलं.

"ज्याचं वावर, त्याचं नाव. रीतच आहे न आपली."

"ती रीत वावरात ठीक आहे. तिथं साऱ्या गावाले दिसते कोन वाकून राहिलं अन् कोन नाई. इथं नाई दिसत." माझा आवाज चढला. अब्बांनी हातातला पाना थांबवला. "कुलदीप, हा नियम आज तू लिहिला. त्याच्यावर एकटं माझं नाव टाकून मले काय गोड लागन? तवा खोटं मोजमाप तुझ्या बाजूनं होतं, आता माझ्या बाजूनं करून राहिला. मले ते तवाही नको होतं अन् आताही नको. लिही. तिघायची नावं लिही. अन् आजपासून जो सावडीले बसन त्याचं नाव लिहायचं, वावर कोणाचं का असेना."

"मंग टूल कोणतं लावायचं?" प्राजक्तानं विचारलं.

"मोजायचं कोणतंच नाई. नावं दाखवन तेवढं पुरे."

कुलदीपनं खालमानेनं तिन्ही नावं लिहिली अन् काम जमा केलं. मंग चालवून पाहायले पहिला फोन कुठं लावायचा? तो म्हणाला, आमच्याच घरी लाव. त्यानं स्पीकर चालू केला. तेल्हाऱ्यात घंटी वाजली, अन् दुर्गाबाई काकूंनी उचलला.

मशीनमधून माझा आवाज बोलला, "काकू, सापळ्यात पतंग किती?"

"थांब वं बाई," काकू म्हणाल्या, "चष्मा आणते."

दुकानात आमी तिघं अन् अब्बा त्या स्पीकरकडे पाहत होतो. तिकडे भांडं पडलं, कोणाले तरी हाक मारली गेली, फळीवरचं काही तरी सरकवलं गेलं. कुलदीपनं माझ्याकडे पाहिलं अन् यावेळी नजर खाली नाई घातली.

"सावकाश दाबा," मशीन म्हणाली, "मी आहे."